फूल की दोन पानं?

‘गोव्याला जाऊन म्युझियम बघितलंत? तब्येत बरी आहे ना?’

ट्रिपचे फोटो टाकल्यावर आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आलेली ही पहिली प्रतिक्रिया. दुसरी त्याहून भारी. ‘फोटोत आजी कोणाच्या? आणि समुद्र कुठाय?’

समुद्र होता तिथेच होता. पण जुलै महिना, धो धो पाऊस, किनाऱ्यावर लाल झेंडे आणि पाण्यात उतरायला बंदी. आणि खरं सांगायचं तर मी गोव्याला समुद्रासाठी गेलेच नव्हते. भांडण मिटवायला गेले होते.

भांडण होस्टेलच्या खोलीतलं. माझी रूममेट गोव्याची, फोंड्याजवळच्या एका गावातली. घरी फोनवर कोकणी, आमच्याशी मराठी, लेक्चरला इंग्रजी असा तिचा दिवस. एकदा रात्री तिचा आईशी फोन चालू होता. मला निम्मं कळत होतं, निम्मं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी अगदी सहज म्हणाले, “कोकणी म्हणजे शेवटी मराठीचीच बोली ना गं? आणि तसं बघितलं तर गोवा महाराष्ट्रातच असायला हवा होता.”

ती हसली नाही. “मग बोलून दाखव एक वाक्य,” एवढंच म्हणाली आणि कूस बदलून झोपली. पुढचे दोन दिवस आमच्यात ‘लाइट बंद करू?’ आणि ‘किल्ली कुठाय?’ यापलीकडे संवाद नाही. शाळेत ‘मराठी भाषा आणि तिच्या बोली’ असा धडा होता, त्यात हेच लिहिलं होतं की, असं मला वाटत होतं. यात चिडण्यासारखं काय आहे, ते कळत नव्हतं. सॉरी म्हणायचं तर कशाबद्दल, हेही कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, “सुट्टीत घरी चल. तुला एक बिल्डिंग दाखवायचीय.”

आजीही येणार!

तिच्या घरी पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पातळभाजी-पाव खाताना पणजीला जायचा विषय निघाला. जुन्या सचिवालयात जाणार म्हटल्यावर तिची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. वय ८२. कान शाबूत, गुडघे तक्रारखोर.

“मीही येते,” आजी म्हणाली. “ह्यांनी तिथे नोकरीची सगळी वर्षं काढली. मी एकदाच गेले होते, एका दाखल्यासाठी. तेव्हाही बाहेर पुतळ्यापाशी बसून राहिले. आत काही गेले नाही.”

‘हे’ म्हणजे रूममेटचे आजोबा. ते आता नाहीत. पोर्तुगीज गेल्यावर जी सरकारी नोकरभरती झाली तिच्यात ते सचिवालयात कारकून म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. घरात त्यांचा एक फोटो आहे, पांढरा शर्ट आणि खिशाला पेन.

मग काय, कदंबच्या बसने आम्ही तिघी पणजीला. स्टँडवरून आजीसाठी रिक्षा केली. मांडवीच्या काठाने जाताना उजव्या हाताला पाण्यात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी, डाव्या हाताला जुन्या इमारतींची रांग. आणि त्या रांगेत एक लांबलचक, उतरत्या कौलांची इमारत. तोंड नदीकडे. हेच जुनं सचिवालय. याचं दुसरं नाव आदिलशाही राजवाडा.

गोव्याला माझी ही चौथी खेप. याआधी तिन्ही वेळा या इमारतीवरून गेले असणार. एकदाही मान वळवलेली आठवत नाही.

पुतळ्यातला माणूस

इमारतीच्या शेजारी एक पुतळा आहे. झगा घातलेला एक माणूस दोन्ही हात पुढे करून उभा आणि त्याच्यासमोर मागे कोसळणारी एक बाई. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, ‘हा तिला मारतोय का?’ मीही विचारलं.

हे आबे फारिया. १७५६ साली कांदोळीला जन्मलेले गोवेकर धर्मगुरू. पॅरिसला जाऊन त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले. समोरच्याला झोप लागते ती संमोहन करणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या गूढ शक्तीमुळे नाही, तर त्या माणसाच्या स्वतःच्या मनावर होणाऱ्या सूचनेमुळे, हे त्यांनी मांडलं. मानसशास्त्र शिकणाऱ्यांना ही कल्पना परकी नसेल. पुतळा १९४५ सालचा, गोव्याचेच शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला.

आजीला फारियांची वेगळीच गोष्ट ठाऊक होती. गोव्यात ती सगळ्यांना ठाऊक असते. तरुण फारिया लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले. एवढी बडी मंडळी बघून त्यांची बोबडीच वळली. वडील खाली बसले होते. त्यांनी हळूच कोकणीत सांगितलं, “ही सगळी भाजी. कातर रे भाजी!” म्हणजे समोर बसलेत ते सगळे भाजीपाला आहेत, काप तू बिनधास्त. पोराची भीती पळाली आणि जे बोलायला लागला ते बोलतच सुटला. गोष्ट किती खरी, किती रचलेली, देव जाणे. पण व्हायवाच्या आदल्या रात्री उपयोगी पडणारी आहे.

रूममेट माझ्याकडे बघून म्हणाली, “बघ. राणीच्या दरबारात धीर द्यायला कोकणीच लागली.”

मी गप्प. टोमणा बरोबर बसला होता.

पाचशे वर्षांचं ऑफिस

इमारतीची कहाणी थोडक्यात सांगते, कारण तशी ती एखाद्या वेबसीरिजच्या पाच सीझनएवढी आहे.

सीझन एक. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशहा याने साधारण १५०० च्या सुमारास मांडवीच्या मुखाजवळ हा तटबंदीचा वाडा बांधला. ५५ तोफा आणि खाऱ्या पाण्याचा खंदक होता, असं सांगतात. १५१० मध्ये अफान्सो द अल्बुकर्क आला. पोर्तुगीजांनी गोवा जिंकला, गमावला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा जिंकला. आदिलखानाच्या नावाचा उच्चार त्यांच्या तोंडी ‘इदलकांव’ असा झाला आणि वाड्याला तेच नाव चिकटलं.

सीझन दोन. तेव्हा राजधानी आजच्या जुन्या गोव्यात होती. पोर्तुगालहून नवा व्हाइसरॉय आला की आधी या वाड्यात उतरायचा आणि मग थाटात नदीतून राजधानीकडे निघायचा. थोडक्यात, ही त्यांची वेटिंग रूम. पुढे साथींनी जुनं गोवं ओस पडत गेलं आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉय इथेच राहायला आले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. १९१८ मध्ये गव्हर्नर दोनापावलाजवळच्या काबोच्या राजवाड्यात गेले आणि इथे उरली ती कचेरी, फायली आणि कारकून.

सीझन तीन सुरू होतो १९ डिसेंबर १९६१ ला. भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. ४५१ वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली.

सीझन चारमध्ये ही इमारत विधानसभा झाली. ९ जानेवारी १९६४ ला गोवा, दमण आणि दीवच्या पहिल्या विधानसभेची पहिली बैठक इथे भरली. ३० आमदार. पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर. विरोधी पक्षनेते डॉ. जॅक सिक्वेरा. आणि सभापती पां. पु. शिरोडकर. या शिरोडकरांना स्वातंत्र्याच्या लढ्यात भाग घेतला म्हणून पोर्तुगीज राजवटीने हद्दपार केलं होतं. ज्या सरकारने हाकलून दिलं, त्याच सरकारच्या कचेरीत ते सभापती होऊन बसले. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

सीझन पाच. २००० साली विधानसभा नदीपलीकडे पर्वरीच्या नव्या संकुलात गेली. जुन्या सचिवालयात मग कलाप्रदर्शनं भरू लागली. डिसेंबरातल्या सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हलचीही ही एक जागा होती. आणि गोवा राज्य वस्तुसंग्रहालयही पाटोवरची आपली इमारत सोडून इथे आलं.

आत

बाहेर पाऊस आणि आत एकदम शांतता. जाड भिंतींमुळे आवाज आत येतच नाही. आजी उंबरठ्यावर क्षणभर थांबली. वाकून उंबऱ्याला हात लावला आणि मग आत आली. देवळात करतात तसं. रूममेटने तेवढ्यात फोन बाहेर काढला होता, तो परत पर्समध्ये टाकला.

राज्य संग्रहालयाच्या संग्रहात बघण्यासारखं बरंच आहे. कदंब राजांच्या काळातले वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेला दगड. आपल्याकडे गावोगाव देवळाबाहेर दिसतात ते बहुतेक जमिनीवरच्या लढाईचे. गोव्याच्या कदंबांच्या काही वीरगळांवर चक्क नौका कोरल्या आहेत, कारण ही मंडळी समुद्रावर लढायची. आता लक्षात आलं, मघाशी आलो त्या बसला ‘कदंब’ हे नाव कुठून मिळालं ते.

इन्क्विझिशनच्या काळातलं म्हणून ओळखलं जाणारं एक भलंमोठं टेबल आणि उंच पाठीच्या खुर्च्याही या संग्रहाच्या आहेत. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, हे धर्मन्यायालय चालू होतं. आणि लॉटरीची जुनी सोडत यंत्रं आहेत. एका टेबलावर बसून माणसांचं नशीब ठरवलं जायचं आणि एका यंत्रात हात घालून. कोणत्या वेळी कोणतं दालन खुलं असतं ते बदलतं, त्यामुळे जाण्याआधी चौकशी केलेली बरी.

पण आजीचं लक्ष मूर्तींकडे नव्हतंच. ती भिंतीला हात लावत चालली होती. खिडकीपाशी आली आणि थांबली. समोर नदी.

“ह्यांची खिडकी नदीकडची होती म्हणे. कुठली, ते काही कळायचं नाही आता.” थोडा वेळ बघत राहिली. मग एका बाकावर बसली, गुडघ्यावर हात फिरवला आणि नातीला म्हणाली, “हिला ते फुलाचं सांगितलंस?”

“तूच सांग. त्यासाठीच आणलंय हिला.”

एक प्रश्न, दोन चित्रं

गोष्ट समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. मला ती अजिबात नव्हती. बारावीपर्यंत इतिहास शिकूनही नव्हती.

गोवा मुक्त झाला आणि लगेच प्रश्न आला, आता याचं करायचं काय? बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं म्हणणं, गोवा महाराष्ट्रात विलीन करा. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचं म्हणणं, गोवा वेगळाच राहायला हवा. या इमारतीतलं सभागृह याच प्रश्नावर तापलेलं असायचं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही १९६५ मध्ये विलीनीकरणाच्या बाजूने ठराव केला. हा निर्णय आमदारांनी घ्यायचा की थेट लोकांनी, यावर वाद पेटला. शेवटी संसदेने कायदा केला आणि ठरलं की लोकांनाच विचारायचं. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला.

१६ जानेवारी १९६७. जनमत कौल. उमेदवार कोणी नाही, प्रश्न एकच. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल. केंद्रशासित म्हणून वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच.

आणि हो, तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. १८ चं झालं १९८९ मध्ये. म्हणजे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींना त्या दिवशी नुसतं बघत बसावं लागलं असतं.

“मला नुकतं मत मिळालं होतं,” आजी म्हणाली. “पहिलंच. मी फूल.”

“आणि आजोबा?”

“दोन पानां.” हे मात्र तिने कोकणीतच सांगितलं.

एका घरात दोन मतं

मला वाटलं होतं, घरात केवढी भांडणं झाली असतील! आजी म्हणे, भांडण नाही, पण आठवडाभर घर जरा जड होतं.

तिचं कारण साधं होतं. पोर्तुगीज अमदानीत शाळा म्हणजे पोर्तुगीज, आणि ती मोठ्या घरच्यांसाठी. तिला अक्षरओळख झाली ती देवळातल्या भजनातून आणि घरातल्या पोथीतून. ती मराठी. मग भाऊसाहेबांनी गावागावात मराठी शाळा काढल्या. तिच्या धाकट्या भावंडांच्या हातात पाटी आली. “उलयतां कोंकणी, वाचतां मराठी. आमचं असंच,” आजी म्हणाली. बोलते कोकणी, वाचते मराठी. ज्या भाषेने अक्षर दिलं तिच्या बाजूला फूल होतं, म्हणून फूल.

आजोबांचं कारण या इमारतीत होतं. रोज त्यांच्या टेबलासमोर माणसं यायची. काणकोणहून, पेडण्याहून, सत्तरीतून, कुठून कुठून. हातात अर्ज, डोक्यावर इरलं. आजोबा त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायचे, अर्ज लिहून द्यायचे, आणि माणूस संध्याकाळच्या आत घरी जायचा. विलीनीकरण झालं की ही कचेरी एका जिल्ह्याची कचेरी होणार आणि मोठे कागद मुंबईला जाणार, हे त्यांना कारकून म्हणून स्पष्ट दिसत होतं. आजीने त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. “हांगा मनशाक नांवान वळखतात. मुंबयंत कोण वळखतलो?” इथे माणसाला नावाने ओळखतात. मुंबईत कोण ओळखणार?

मतदानाच्या दिवशी दोघं बरोबरच चालत केंद्रावर गेली. ती बायकांच्या रांगेत, ते पुरुषांच्या. येतानाही बरोबरच आली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

मोजणी तीन दिवस चालली, पणजीतच, इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीत. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं. विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. दोन पानं जिंकली.

“ह्यांच्या ऑफिसातल्या कितीतरी जणांनी पेढे वाटले,” आजी म्हणाली. “हे घरी आले ते रिकाम्या हाताने. मी विचारलं, पेढे कुठायत? म्हणाले, तुला आवडले नसते.”

आम्ही दोघीही काही बोललो नाही. मला उगाचच होस्टेलची ती रात्र आठवली.

जिंकलं कोण?

इथे मला वाटलं गोष्ट संपली. ‘म्हणजे गोव्याने मराठीला नाकारलं,’ असं मी मनातल्या मनात लिहूनही टाकलं होतं. पण पुढच्या दोन गोष्टींनी माझी पुरती विकेट काढली.

पहिली गोष्ट. जनमत कौलात विलीनीकरण हरलं आणि अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. कोण जिंकलं? बांदोडकर! ३० पैकी १६ जागा. ज्यांचा मुख्य मुद्दा लोकांनी नुकताच फेटाळला होता, त्यांनाच लोकांनी परत याच इमारतीत मुख्यमंत्री म्हणून बसवलं. आजी म्हणाली, “त्या वेळी ह्यांचंही मत भाऊंनाच. म्हणाले, गोवा ठेवला, आता चालवायला माणूस हवा. त्या दिवशी मी खीर केली.”

दुसरी गोष्ट. विलीनीकरणाच्या विरोधात जोरदार प्रचार करणारं एक दैनिक होतं, ‘राष्ट्रमत’. संपादक चंद्रकांत केणी. आणि त्यात उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेलं सदर. हे दैनिक कोणत्या भाषेत निघायचं? मराठीत! ‘आम्हाला महाराष्ट्रात यायचं नाही’ हे गोव्याने महाराष्ट्राला मराठीतच ठणकावून सांगितलं.

मी ज्या गोष्टी एक समजत होते, त्या एक नव्हत्या. मराठी आवडणं वेगळं, महाराष्ट्रात असणं वेगळं. नेता आवडणं वेगळं, त्याचा प्रत्येक मुद्दा पटणं वेगळं. १९६७ च्या गोवेकराला, त्यातल्या कितीतरी जणांना धड अक्षरओळखही नसताना, हा फरक कळत होता. आणि आपण? एखाद्याने एका विषयावर एक पोस्ट टाकली की तो कोणत्या ‘साइड’चा ते ठरवून, ब्लॉक करून मोकळे.

हे सगळं गोड-गोड झालं असंही नाही. भाषेचा प्रश्न पुढे वीस वर्षं धुमसत राहिला. कोकणीला साहित्य अकादमीने १९७५ मध्ये स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. राजभाषेच्या आंदोलनात १९८६ साली रक्त सांडलं, माणसं गेली. ४ फेब्रुवारी १९८७ ला याच इमारतीतल्या विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केलं. देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. कोणीच शंभर टक्के खूश नव्हतं. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झालं. १९६७ च्या मतपत्रिकेवर नसलेला तिसरा पर्याय वीस वर्षांनी खरा झाला. १९९२ मध्ये कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

हे सगळं घडून गेलं होतं आणि मी होस्टेलच्या कॉटवर लोळत म्हणत होते, ‘बोलीच ना गं शेवटी?’

माझ्या रूममेटच्या आजीने फूल दिलं होतं, तरी त्या वाक्याचा तिला राग आला असता. कारण तिने मराठीला मत दिलं होतं ते कोकणी बोलत बोलतच. बोलीबिली ठरवायचा अधिकार तिने मला दिला नव्हता.

परतताना

निघायच्या आधी आजी पुन्हा त्या खिडकीशी गेली. पदराच्या टोकाने काचेवरची धूळ पुसली, स्वतःच्या घरची खिडकी असल्यासारखी. मग म्हणाली, “चला. बस चुकेल. हे रोज साडेपाचला निघायचे.”

बाहेर आल्यावर मी रूममेटला सॉरी म्हटलं. या वेळी कशाबद्दल ते माहीत होतं. ती म्हणाली, “राहू दे. तू मराठीत सॉरी म्हणतेयस. कोकणीत म्हण.” मी प्रयत्न केला. दोघी आजी-नाती मिळून एवढ्या हसल्या की पुतळ्यापाशी छत्र्या घेऊन सेल्फी काढणारा ग्रुपसुद्धा वळून बघायला लागला. म्हणजे माझी कोकणी अजून कातरलेल्या भाजीच्याच लेव्हलला आहे.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला तेव्हा आम्ही दोघी मिरामारला गेलो. पणजीहून नदीकाठाने जाणाऱ्या रस्त्याचं नाव दयानंद बांदोडकर मार्ग. मिरामारला समुद्राजवळ भाऊसाहेबांची समाधी आहे. तिथून पुढे दोनापावलाकडे जाणाऱ्या रस्त्याला नाव आहे डॉ. जॅक सिक्वेरा यांचं. सभागृहात समोरासमोर बसणारे दोघं आणि त्यांच्या नावाचे रस्ते असे लागून. त्या रस्त्यांवरून मी आधी तीन वेळा स्कूटी पळवली आहे. गुगल मॅपवर नावं वाचलीही असतील.

आता आमच्या खोलीत वाद बंद झालेत असं समजू नका. परवाच मेसच्या भाजीवरून जुंपली. निवडणुका आल्या की आणखी जुंपेल, कारण बऱ्याच बाबतीत ती दोन पानं आणि मी फूल. पण आता ‘लाइट बंद करू?’वर गाडी अडकत नाही.

आणि घरी गेले तेव्हा मी माझ्या आजीला विचारलं, “तू पहिलं मत कोणाला दिलंस? आणि आजोबांनी?” आजीने आधी माझ्याकडे बघितलं, मग आजोबांच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “त्यांना सांगणार नसशील तर सांगते.”

तुम्हीही विचारून बघा. गोव्यालाच जायला हवं असं नाही.

जायचं असेल तर

• जुनं सचिवालय अर्थात आदिलशाही राजवाडा पणजीत मांडवीच्या काठी, आबे फारियांच्या पुतळ्याशेजारी आहे. कदंब बसस्टँडवरून पायी जाता येतं.

• सरकारी संग्रहालय आहे. सुट्ट्या, वेळा आणि कोणती दालनं खुली आहेत, हे आधी विचारून घ्या. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

• एखादं कलाप्रदर्शन भरतं तेव्हा इमारतीचं रूपच बदलतं. गर्दी चालत असेल तर तेव्हा जा. शांतपणे बघायची असेल तर पावसाळ्यात.

• जवळच इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा आहे. जनमत कौलाची मोजणी झाली ती जागा. एका सकाळीत दोन्ही होतात.

• ग्रुपमध्ये एखादे आजी-आजोबा असतील तर न्या. आमच्या ट्रिपला गाइड लागला नाही.